दहा-चाळीसची मालगाडी

२ मार्च, रविवार

म्हणे आयडियांची यादी!

आज स्नेहल बेगडेवाडीहून लॅपटॉप घेऊन आली आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर जगभरातला शहाणपणा मांडून बसली. कुठल्या कुठल्या देशांतले हौशी लोक एकत्र येऊन वायफायच्या डब्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. फुकट. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं. दरवर्षी ते विद्यार्थ्यांसाठी एक यादी काढतात — एवढी एवढी कामं राहिली आहेत, कोण करतंय? विद्यार्थ्याने एक उचलायचं, ते कसं करणार हे लिहून पाठवायचं. पसंत पडलं तर उन्हाळाभर त्यांच्यातल्या एका मेंटॉरच्या हाताखाली काम.

यादी वाचली. एकोणीस कामं. एकोणिसांपुढे 'सुधारणा'. याची सुधारणा, त्याची सुधारणा. काय बिघडलंय ते एकानेही लिहिलेलं नाही! चौतीस वर्षं लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. 'लाइन सुधारा' एवढंच म्हणत कुणी आला तर मी त्याला दारातूनच परत पाठवत असे. काय होतं, कधी होतं, कुठून कुठे होतं — बोला, नाहीतर चला.

"आत्याआजी, माझं इंग्रजी बघून देशील?"

अच्छा. म्हणून आली होती. माझ्या हातच्या थालीपिठासाठी नव्हे.

४ मार्च

तीन डबे आमच्या कान्ह्यातही आहेत, स्नेहलच्याच कृपेने. फायबरची तार रुळाच्या अलीकडे आली, माझ्या घरापर्यंत. रुळापलीकडे विहार, विहारात अभ्यासिका, अभ्यासिकेत चौदा मुलं. तार पलीकडे न्यायची तर रेल्वेची परवानगी. ती मिळेपर्यंत या मुलांची मुलं दहावीला बसतील. म्हणून गेल्या दिवाळीत माझ्या भावाच्या या नातीने एक डबा माझ्या पत्र्यावर लावला आणि एक विहाराच्या छपरावर, रुळावरून समोरासमोर. तिसरा आडवळणाला, फाटकाजवळ हौशीरामांच्या पाण्याच्या टाकीवर. सरळ वाट बंद पडली तर तिकडून वळून जावं म्हणून.

हौशीराम म्हणजे अर्ध्या शिवाराचे मालक. त्यांच्या ओसरीवर सदुसष्ट वर्षांत मी पहिल्यांदा चहा घेतला तो या डब्यामुळे. कप चांगल्यातला काढला होता. काढताना मी बघितलं.

"बसवा की," म्हणाले. "पन मोबाइलवरची माजी बैलगाड्याची शर्यत मदीच गोल गोल फिराया लागली न्हाई पायजे."

फिरते. रोज फिरते. त्यांचाही डबा विहाराच्या डब्याकडूनच नेट घेतो, आणि वळून जायची अक्कल एकाही डब्याला नाही.

७ मार्च

नेट गेलं १०.४१. आलं ११.१५. (विहारात नेट आहे की नाही ते स्नेहलने माझ्या मोबाइलवर दिसेल असं करून ठेवलंय.)

भामाबाईंचा फोन — विहाराच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. "ताई, न्हाई येत हितं कायबी. पोरं निस्ती एकमेकाची तोंडं बगत्यात."

मग पुस्तकं बघा म्हणावं! अभ्यासिकेत पुस्तकंही असतात असा माझा समज आहे.

८ मार्च

महिला दिन. मोबाइलवर सकाळपासून अडतीस गुलाब.

नेट गेलं १०.३८. आलं ११.१०.

या वेळा मी रोजनिशीच्या समासात का लिहिते? सवय. एक्स्चेंजमध्ये फॉल्टची वही माझ्याकडे होती. चार रकाने: फॉल्ट काय, कधी कळला, कधी दूर झाला व कुणी केला त्याची आद्याक्षरं, आणि शेवटचा रकाना सुपरवायझरच्या सहीचा. लाइनमन येऊन म्हणायचे, "झालं मॅडम, करा सही." अशी होत नसते सही! मी स्वतः त्या नंबरला फोन लावायची. पलीकडून माणसाचं 'हॅलो' ऐकलं की मगच शेवटचा रकाना भरायचा. तोवर फॉल्ट उघडा. एकदा एका हॉटेलवाल्याचा फॉल्ट सोळा दिवस उघडा ठेवला, कारण तो फोन उचलायचाच नाही.

९ मार्च, रविवार

स्नेहल दिवसभर इथे होती. पोरीला बुद्धी आहे, धमक नाही. कुणी मोठ्याने बोललं की हिचा आवाज पोटात जातो — थेट माझ्या भावासारखी. जगभरातली पोरं या यादीवर तुटून पडणार आणि त्यांच्यात ही!

ती गेल्यावर आकाशला फोन केला. आकाश तिचा बाप, माझा भाचा. सुदुंबऱ्याकडच्या कारखान्यात त्याने तिच्यासाठी ट्रेनीची जागा बघून ठेवली आहे, जूनपासून. ती घेतली तर हे उन्हाळ्याचं काम संपलं. आणि ती जागा ठेवायची की सोडायची हे त्याला ठरवायचं होतं.

मी म्हटलं, "सोडू नकोस. हिचं तिकडे काही व्हायचं नाही. उगाच तोंडावर पडेल."

"तुझं नाव सांगत नाही, आत्या," म्हणाला.

मी बरोबर केलं. कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं.

१३ मार्च

नेट गेलं १०.४४. आलं ११.३०. आज शेहेचाळीस मिनिटं.

स्नेहलने फोनवर कारण सांगितलं. डबा म्हणे गेल्या तासाभराची सरासरी धरतो. सरळ वाट तासभर चांगली चालली असेल, तर ती बंद पडल्यावरही बराच वेळ तो तिला चांगलीच समजतो आणि तिथेच धडका मारत बसतो. यादीतलं सातवं काम नेमकं हेच आहे: डब्याने वाट निवडायची रीत. ती तेच उचलणार.

हे जगभरचे विद्वान! आमच्याकडे ट्रंक ऑपरेटरला पहिल्या दिवशी शिकवत — मार्ग गेला, दुसऱ्याने लाव. गेलेल्या मार्गाचा कालचा लौकिक आठवत बसू नकोस.

हे तिला म्हटलं तर म्हणाली, "थांब थांब, लिहून घेते."

१६ मार्च, रविवार

हौशीराम स्वतः आले, शर्यत अडकल्याची तक्रार घेऊन. ओसरीच्या चहाची परतफेड म्हणून मीही चांगला कप काढला. त्यांनीही बघितलं.

मी स्नेहलला समासातल्या वेळा वाचून दाखवत होते. दहा एक्केचाळीस, दहा अडतीस, दहा चव्वेचाळीस. हौशीराम ऐकत होते. मग म्हणाले, "आगं, ही तर माज्या म्हशींची येळ हाय."

"म्हणजे, आबा?"

"म्हंजी काय! मालगाडी सिग्नलला हुबी ऱ्हाती. फाटक बंद. माज्या म्हशी अलीकडं, पानी पलीकडं. रोज लय बोंबलत्यात. तुमचा वायफाय काय म्हशींपरीस शाना हाय व्हय?"

दोघी खिडकीशी धावलो. रूळ भरावावर, माझं घर बैठं, विहारही बैठा. दोन डब्यांच्या मधोमध मालगाडीच्या वाघिणींची लोखंडी भिंत येऊन उभी राहते, आणि मी रोज खिडकीतून ती बघते! डोळे आहेत की खुंट्या?

स्नेहल उड्या मारायला लागली. हौशीरामांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "मंग आता गाडी हलवनार का?"

२२ मार्च

स्नेहलचा मसुदा वाचला. देवा! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर असत्या तर पट्टी मोडली असती.

मराठीत सांगायचं तर असं: 'गाडी उभं राहतं तेव्हा नेट जातं. भामाबाई माझ्या आत्याआजीला फोन करते. हौशीराम आबांच्या म्हशी पण सेम टाइम थांबतात. डबा शिकत नाही. मला त्याला शिकवायचं आहे.' जर्मनीतला मेंटॉर वाचणार आहे हे, आणि त्यात म्हशी!

लाल पेन घेतला.

२३ मार्च, रविवार

सकाळी आठ ते दुपारी तीन. म्हशी काढल्या. भामाबाई काढल्या. हौशीराम काढले. मी स्वतःलाही काढलं — गंभीर कागदात आत्याआजीचं काय काम? मालगाडीचं झालं 'वाहतुकीमुळे उद्भवणारे नियतकालिक अडथळे'.

"पण आत्याआजी, मालगाडी तर महत्त्वाची आहे ना?"

"कागद सगळ्या जगासाठी आहे. कान्हे फाटकासाठी नाही."

तिने लगेच मालगाडी खोडली. बघा, हेच म्हणते मी. धमक नाही!

वाक्यं मात्र अशी झाली आहेत की कुठे नखही लावता येणार नाही.

२७ मार्च

पाठवला. मुदत ५ एप्रिलची. नऊ दिवस हाताशी ठेवून. वक्तशीरपणाही बघतील ना ते.

नेट गेलं १०.४०. आलं ११.१२.

३१ मार्च

उत्तर आलं. स्नेहलने ते फोनवर वाचून दाखवलं, आवाज पोटात.

मेंटॉर लिहितो — यंदा यंत्राकडून लिहून घेतलेले अर्ज ढिगाने आले आहेत. तुमचा त्यातलाच वाटतो. भाषा निर्दोष आहे, पण यात कुणी माणूस दिसत नाही. कुठली जागा नाही, कुठला बिघाड नाही. हे तुम्ही स्वतः लिहिलं असेल तर मुदतीपर्यंत तसं दाखवा. नाहीतर आम्ही पुढे जाऊ.

यंत्र! मला! ज्या मुलखात एकेक शब्द मालगाडीएवढा लांब असतो, तिथला माणूस मला इंग्रजी शिकवणार?

१ एप्रिल

झोप नीट झाली नाही. सकाळी तो कागद परत वाचला, लाल पेनाशिवाय.

'सुधारणा' सात वेळा. मोजली.

खंडाळ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आठवीत असताना निबंध दिला होता, 'आमचे घर'. माझे वडील, श्रीपती, त्याच कॉन्व्हेंटची बाग करायचे. बागेच्या कोपऱ्यातल्या खोलीत आम्ही पाच जण. मी लिहिलं होतं की पावसाळ्यात फावडी आणि खुरपी आत घ्यायची म्हणून आमच्या घरात पाहुण्यांपेक्षा अवजारं जास्त. सिस्टरने वर्गासमोर विचारलं, "हे कुठून उतरवलंस?" माळ्याची मुलगी असं लिहूच शकत नाही. माझाही आवाज पोटात गेला होता.

पुन्हा लिहायला लावलं. या वेळी फावडी काढली, खुरपी काढली. 'आमचे घर लहान पण नीटनेटके आहे.' दहापैकी नऊ.

त्यानंतर तसंच लिहीत गेले. अर्ज, खुलासे, रिपोर्ट — वाचणाऱ्याला ही कुठल्या घरातून आली ते कळू नये. एक्स्चेंजमध्ये साहेब लोक आपली पत्रं माझ्याकडून तपासून घ्यायचे. माझ्या इंग्रजीत मी कुठे सापडू नये, आयुष्यभर हीच मेहनत केली.

आणि आता जर्मनीतला एक माणूस लिहितो, यात कुणी सापडत नाही.

शाबास यशोधरा. दहापैकी दहा.

२ एप्रिल

स्नेहल कॉलेज बुडवून आली. मी म्हटलं, बस, त्याला असं खरमरीत पत्र लिहिते —

"आत्याआजी, आता तू काही लिहू नकोस."

आवाज पोटातला नव्हता. मी पेन खाली ठेवला.

तिने काल मेंटॉरला सरळ व्हिडिओ कॉल लावला होता. एकटीने! सांगितलं म्हणे, लिहिलंय माझ्या आजीने, ती टेलिफोन ऑपरेटर होती, ती यंत्र नाही. तो हसला. मग तिने मालगाडीचं सांगितलं, म्हशींचंही. तो म्हणाला, हे सगळं अर्जात का नाही? वेळा कुणी नोंदवल्या असतील तर नोंदींची मूळ पानं पाठव. नव्याने लिहून काढलेली नकोत. तशी कुणीही बनवतं.

मूळ पानं म्हणजे ही वही.

मी म्हटलं, वही खाजगी आहे. वेळा मी सांगते, तू उतरवून घे.

"उतरवलेलं नकोय त्याला."

म्हटलं, बघते.

ती लॅपटॉप मिटून निघाली. जेवली पण नाही.

३ एप्रिल

सकाळी

त्या जर्मनाला मराठी येत नाही. स्नेहलला येतं.

नऊ मार्चचं पान फाडावं असा विचार आला. पण त्याच पानामागे तेरा तारखेची शेहेचाळीस मिनिटं आहेत, अख्ख्या वहीतला सगळ्यात मोठा फॉल्ट. शिवाय वहीतलं पान मी जन्मात कधी फाडलं नाही. लाइनमन फाडायचे. त्यांना मेमो दिलेत मी.

दुपारी

दिली. म्हटलं, "फक्त समासातल्या वेळा बघ. बाकीचं वाचू नकोस."

म्हणजे आता नक्की वाचणार. साठी उलटली तरी अक्कल येत नाही ती अशी.

तिला आतल्या खोलीत बसवलं आणि मी मागच्या पडवीत वाटाणे सोलत बसले. आतून पानं उलटल्याचे आवाज. मग बराच वेळ नाहीच.

संध्याकाळी

सहाच्या सुमारास बाहेर आली. वही टेबलावर ठेवली, बरोबर कडेला कड लावून. "झालं," म्हणाली. मी चहा विचारला. "लोकल आहे," म्हणाली. सव्वासहाची लोकल ती नेहमी सोडते आणि पुढची धरते. आज धरली.

वाचलंय.

५ एप्रिल

भामाबाईंकडून कळलं की स्नेहलने अर्ज पुन्हा पाठवला. तिच्याच भाषेत, म्हशींसकट. मला दाखवला नाही.

आता मागची पानं मी उलटत नाही. लिहिलं ते लिहिलं.

१० एप्रिल

नेट गेलं १०.४२. आलं ११.०९.

फोन नाही.

१४ एप्रिल

विहारात जयंती. पांढरीशुभ्र गर्दी, पुण्याहून कर्कश स्पीकर, आणि भाषण करणाऱ्या तरुणाने 'शिका' हा शब्द बावीस वेळा वापरला. स्वतः काय शिकला ते कळलं नाही.

स्नेहल आली होती. "जय भीम, आत्याआजी." मी म्हटलं, "जय भीम." ती थोडी थांबली. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटत होतं बहुतेक. मी काय बोलणार? तिच्या साडीची निरी नीट नाही, एवढं बोलले.

तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वही लिहितेस ना?"

टोमणा! मारायला शिकली. कुणाकडून शिकली हे उघड आहे.

१९ एप्रिल

हौशीराम फाटकाशी भेटले. त्यांच्या टाकीवरच्या डब्यात स्नेहल परवा काहीतरी करून गेली म्हणे. म्हणजे कान्ह्यात आली आणि माझ्या घरी आली नाही.

"तो परदेशातला बाबा इचारत व्हता म्हनं, हौशीराम कोन!" छाती दोन इंच वर. "पोरगी म्हनली, आबा, तुमचं नाव अर्जात हाय. मी म्हनलं, म्हशींची बी घाल नावं."

माझं आहे का, ते मी विचारलं नाही.

२४ एप्रिल

खिडकीत बसले होते. मालगाडी येऊन उभी राहिली. ५८ वाघिणी.

नेट गेलं १०.४०. आलं १०.४१.

चूक झाली असेल म्हणून घड्याळ तपासलं. भामाबाईंना फोन केला. "चालू हाय की! का वं, काय झालं?"

काही नाही म्हटलं.

२९ एप्रिल

गेलं १०.४३. आलं १०.४३.

पोरीने डब्याला शिकवलं. कुणी निवडायच्या आधीच.

आणि मी तिच्या बापाला काय शिकवलं!

६ मे

आज निकाल. त्यांच्या पानावर मी स्वतः शोधलं, चष्मा पुसून, दोनदा. वरून अकरावं नाव. स्नेहल आकाश ओव्हाळ. कामाचं नाव तिने दिलंय: 'मालगाडी उभी असताना'. जर्मनांनी ते तसंच ठेवलं, देवनागरीत, खाली इंग्रजी अर्थ. अर्थ साधा आहे. माझ्या लाल पेनाची गरज नाही.

आकाशचा फोन. "आत्या, कळलं का? कारखान्याची जागा तर मी तेव्हाच सोडली. तीन एप्रिललाच रात्री म्हणाली, पप्पा, मला हेच करायचंय, कुणाला काही विचारू नका. इतक्या जोरात बोलली की मी हो म्हणून गेलो!"

तीन एप्रिल. म्हणजे इथून गेली त्या दिवशी.

तिचा मला स्वतःहून फोन नाही. बरोबरच आहे. माझ्यासारखीला कोण कशाला करेल?

ते नऊ मार्चचं पान आता मात्र फाडते. कुणी मेमो द्यायला उरलेलं नाही.

६ मे, जरा वेळाने

फाडायला पान उघडलं. आकाशला केलेल्या फोनच्या ओळींशेजारी, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात चार रकाने आखलेत. फॉल्ट: ९ मार्च. कळला: ३ एप्रिल, ५.२०. दूर झाला: ३ एप्रिल, ५.५०, स्ने. अर्ध्या तासात मिटवून गेली पोरगी. शेवटचा रकाना, सुपरवायझरच्या सहीचा, महिनाभर मोकळा आहे.

स्नेहलला फोन लावला. पलीकडून 'हॅलो' आलं.

सही केली.